कुठं नाही, इथंच

रात्री साडेअकराला मेल आली:
आपण जिथून काम करता
तिथं काम करण्यास पात्र आहात
हे चौदा दिवसांत सिद्ध करा.
तोवर खातं गोठवलेलं.

मी औशात, मोंढ्यामागं, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
खाली जोंधळे पडले की टेबल थरथरतं,
माउस आपोआप दोन मिलिमीटर सरकतो.
इथून मी नॉर्वेतली स्वयंपाकघरं काढतो.
बेचाळीस काढली आजवर.
बर्फाकडं उघडणारी खिडकी,
ओट्याची उंची त्या बाईच्या कोपराला मापून
जिला मी कधी पाहिलेलं नाही.

पात्र.
आमच्याकडं पात्र म्हणजे तेरणेचं,
बहुतेक कोरडं.
त्यात उतरायला कुणी कागद मागत नाही.

कागद काढले.
सनदेवर मी वैजिनाथ, आधारवर वैजनाथ,
बँकेत बैजनाथ.
आडनाव सोनटक्केच, पण एकात इंग्रजी के एकच.
लाइट बिल घरमालकाच्या वारलेल्या बापाच्या नावानं.
पत्त्याच्या चौकटीत 'मोंढ्यामागं' बसत नाही,
पिनकोड बसतो.

कॅमेरा म्हणाला, चेहरा गोलात आणा.
डावीकडं वळा. वळलो.
उजवीकडं वळा.
डोळे मिटा, उघडा.
उघडले तर लाइट गेलेली.

रविवारी गावी गेलो. आईनं पत्र्याची पेटी उघडली,
"हे बघ की. ह्याच्यावर लिवलंय, काम द्यावं म्हणून."
रोजगार हमीचं जॉबकार्ड.
केवळबाई, वय पंचेचाळीस.
खालच्या ओळीत मी: मुलगा, वय अठरा.
काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यावं लागतं,
न दिलं तर भत्ता.
अख्ख्या घरात
काम करायचा हक्क लिहिलेला तेवढा एकच कागद,
पाझर तलावाच्या मातीनं कडा पिवळ्या.

मी खरंच स्कॅन केलं. खरंच पाठवलं.
सहा मिनिटांत उत्तर: दस्तऐवज ओळखता आला नाही.
आईनं फोनवर विचारलं.
म्हटलं, वाचूलालेत अजून.

मग मुदत वाढवून मागितली. मिळाली;
माणसानं दिली का यंत्रानं, कळलं नाही.
मग पासपोर्ट.

चौकशीला हवालदार आले.
जिन्यावरच बसले, पँटवरचं पीठ झटकत म्हणाले,
"कुठं चाललास?"
कुठं नाही, इथंच.
"इथं ऱ्हायाला पासपोर्ट कशाला लागूलालाय?"
सांगता येईना, म्हणून स्क्रीन दाखवली.
त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"चूल कुठंय ह्याच्यात?"
दाखवली. काचेची, सपाट.
"भाकर फुगंल का ह्याच्यावर?"
मी म्हटलं, माहीत नाही.
एवढं एकच उत्तर त्यांना पटलं असावं.
सही केली.

छत्तीस पानं, सगळी कोरी.
पहिल्या पानावरचा वैजनाथ त्यांनी खरा मानला,
हिरवी खूण आली.
आईला दाखवायला नेला तर तिनं उलटून पाहिला,
"ह्याच्यावर हजेरी कोण लावतंय?"
आणि जॉबकार्डावर ठेवून पेटी लावली.
मागून घ्यावा लागला.

त्रेचाळिसावं स्वयंपाकघर.
बाई लिहिते, खिडकी जरा रुंद करा,
बाहेरचं दिसू दे.
मी रेघ ओढत असताना
खाली कुणीतरी पायली टाकली, गिरणी सुरू झाली,
रेघ दोन मिलिमीटर बाहेर गेली.
तशीच ठेवली.