एफडी

माझगावच्या एक्स-रे क्लिनिकात, रात्री साडेदहाला,
मोडक्या मनगटाचा शेवटचा पेशंट गेल्यावर
मी राऊटर भिंतीवरून उतरवला.
वर पालीची दोन अंडी होती.
सिस्टर ब्रिजेटनी ती काही न बोलता कापसात ठेवली.

तक्रार अशी, की कंपनीची लाइन पडते, उठते
आणि उठताना नवा पत्ता घेऊन येते.
मग मशीनला प्रिंटर सापडत नाही,
प्रिंटरला संगणक.
एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर,
कुणी कुणाला ओळख देत नाही.

"असं कसं?"
लिव्ह अँड लायसन्स आहे हो, मी म्हटलं.
अकरा महिनेही नाहीत, कधीकधी अकरा तास.

मी स्वतः सातव्या खोलीत राहतो.
भांडुप, कांजूर, परत भांडुप, पण आता टेकडीवर.
दर वेळी गॅस, बँक, पोरीची शाळा,
सगळीकडे खाडाखोड.
मंदाकिनी डबे मात्र लावते ते तसेच,
डावीकडून तिसरा हिंगाचा.
वीज गेली तरी हात तिथेच जातो.

तर आधी आतले पत्ते.
हे कुणाकडे मागायचे नसतात.
डिपॉझिट नाही, दलाल नाही.
सुरुवात एफ आणि डीनं करायची.
"फिक्स्ड डिपॉझिट?" सिस्टर हसल्या.
हसू द्या. तसंच आहे ते :
आतल्या आत, बाहेर न वटणारं, आपलं.

पुढचे चाळीस बिट नशिबावर,
म्हणजे दुसऱ्या कुणाशी सहसा जुळत नाहीत.
यंत्र चुटकीसरशी काढून देतं,
पण लालमणी वॉचमन दारातून म्हणाला,
नशिबाचं काम मशीनला कशाला?
आणि दोनाचं नाणं काढलं.
छापा एक, काटा शून्य.
एकतिसाव्या फेकीला नाणं कपाटाखाली गेलं,
कुणाच्या तरी बरगड्यांच्या जुन्या फिल्मनं ओढून काढलं.
छापा होता. लालमणीनं ती फेक बाद धरली.
ओढलेलं नशीब चालत नाही म्हणाला.

मग दार.
बाहेर जाताना पत्त्याचा पुढचा भाग बदलायचा,
मागचा ठेवायचा.
जुना राऊटर मुनीम होता,
कोण गेलं, कुठे गेलं, सगळं वहीत,
वही भरली की बसकण मारायचा.
हा काही लिहीत नाही.
जाताना एक गणित, येताना तेच उलटं.

आणि एक बारीकशी गोष्ट, मला फार आवडते :
पुढचा भाग बदलला की बेरीज बिघडते,
म्हणून हा सोळा बिटांच्या एका घरात
गुपचूप तेवढीच भर घालतो, नाहीतर काढतो.
एकूण तीच.
पलीकडच्याला पत्ता लागत नाही.

भाडं वाढलं की मंदाकिनी कशातून काढते, कशात घालते,
महिनाअखेर बेरीज तीच.
मी कधी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

पावणेबाराला बाहेरची वायर उपसली.
लाल दिवा. मग दुसऱ्या कंपनीची लाइन, नवा पत्ता.
सिस्टरनी त्या मनगटाचं चित्र पाठवलं.
प्रिंटर घुरघुरला, थांबला,
सगळ्यांनी माना पुढे केल्या,
आणि आठही हाडं कागदावर आली,
एकात केसाएवढी भेग.

बिलावर माझा पत्ता लिहायचा होता.
कांजूरचा लिहिला. खोडला.
लालमणीनं नाणं पुसून खिशात टाकलं.
राऊटर परत टांगला, तेव्हा तो कोमट होता.
सिस्टरनी अंडी वर ठेवली,
होती तिथेच,
जरा डावीकडे.