पिग्मीची फेरी

पेढीच्या शटरवर कागद लागला त्या मंगळवारी
मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
वीस-वीस रुपये गोळा करत होतो.
यंत्रातून पावती निघाली, टर्र,
आणि खिशातला फोन वाजला.
हातातली नोट तिथल्या तिथे परत करावी
एवढं मला सुचलं नाही.
हे आधीच सांगून टाकतो.

पुढचे दोन महिने वळसे घालून चाललो.
तुपे वहिनींनी चप्पल उगारली, मारली नाही.
रामसजीवन इस्त्रीवाल्यानं सायकल ठेवून घेतली.
त्याचे बुडाले एकतीस हजार,
सायकल सातशेची. मी काय बोलणार?

पावत्या घेऊन लोक संचालकाच्या बंगल्यावर गेले
तर पावत्या कोऱ्या.
तो कागदच तसला, सहा महिन्यांत अक्षर उडतं.
पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली, गादीखाली जपलेले
पांढरे गुळगुळीत तुकडे.
माझी वही पेन्सिलीची.
कोणाचे किती, ते आता तिच्यातच उरलं होतं,
म्हणून शिव्या देणारेही
मला दारात उभं करून घ्यायचे.

सुरुवात नामीबायनं केली, घणसोली गावातल्या.
ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात निवट्या धरते.
"पैशाचं तोंड काळं," म्हणाली,
"ही टोपली तुपेनीला दे, आन् सांग,
नातवाची चड्डी शिवायची हाय."
तुपे वहिनींकडे मशीन होतं, दोरा नव्हता.
दोरा मुकादमांकडे. दुकान गेलं, रिळांची पेटी राहिली.
मुकादमांचा नळ गळत होता.
वायसर मी बदललं.
मला येत नव्हतं. दोनदा गळलं.

मग तीच फेरी, तीच बावन्न घरं, त्याच क्रमानं.
फक्त चालत.
वहीत 'जमा' आणि 'नावे' तसेच ठेवले,
रुपये हा शब्द तेवढा खोडला.
अळूची जुडी. अर्धा किलो साबणाचा चुरा.
दोन तास गणित, नववीचं.
शेलारांचा पोरगा मॉलमध्ये बूट विकायचा,
आता जिन्याखाली बसून तळवे शिवतो.
"तिथं कोणी बूट शिवायला आणला असता," सांगतो,
"तर आम्ही हसलो असतो, काका."

सगळं असं जमत नाही.
इन्सुलिन अळूवर मिळत नाही,
वीजबिल निवट्यांवर भागत नाही.
त्यासाठी एका डब्यात जे कोणाचं काय असेल ते,
आणि त्या डब्यावरून भांडणं होतात, खरीखुरी,
आईबहिणीपर्यंत.
शेलारबाई मुकादमांच्या म्हातारीपाशी
शेवटच्या चार रात्री बसल्या.
पेन्सिल कानावर ठेवून मी विचारलं, काय लिहू?
त्या भाकरी थापत राहिल्या.
ती ओळ अजून अर्धी आहे.

आणि दगडूमामा.
वाशीच्या मार्केटात चाळीस वर्षं कांद्याची पोती वाहिली,
आता काही लक्षात राहत नाही, फक्त दहा वाजलेले कळतात.
रोज दहाला दहाची नोट पुढे करतात. "टाक."
मी कॅलेंडरच्या कपट्यावर पावती लिहितो.
संध्याकाळी नोट सूनबाईला परत,
रात्री ती त्यांच्या उशीखाली.
कोपरा फाटलेली,
मागे निळ्या शाईत कोणाचा तरी फोन नंबर.
वर्षभर तेच दहा रुपये.

गेल्या शुक्रवारी ती घडीवर दुभंगली.
चिकटवायला गेलो तर आणखी फाटली.
बावन्न घरांत फिरलो, दहाची नोट आहे का?
लोक थांबून बघायचे, मी असं मागतोय म्हणून.
शेवटी नामीबायनं कनवटीतून काढली,
ओलसर, खाडीच्या वासाची.
"लिव माज्या नावावर."
कशापोटी, ते तिनं विचारलं नाही.

शनिवारी दहाला
मामांनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली,
नाकाशी नेली.
"ही माझी नव्हं," म्हणाले.
मी वही उघडून उभा.
खाली पाण्याचा टँकर आला होता, बादल्या वाजत होत्या.
"असू दे," म्हणाले. "टाक."