काळी वायर आधी

काळी वायर आधी काढायची, मग लाल.
लावताना उलटं.
हातात पाना घेण्याआधीच युनूस तांबोळींनी सांगितलं,
जशी काही परीक्षा माझीच होती.

धायरीत, सोसायटीच्या कंपाउंडला पाठ लावून
चौदा महिने उभी आमची गाडी.
जुनी टेम्पो ट्रॅव्हलर; आत दोन बिछाने, एक सिंक, शेगडी
आणि पद्माकरनं स्वतः शिवलेले पडदे,
एक चार बोटं आखूड.
एकदा गेलो दिवेआगरला. एकदाच.
येताना ताम्हिणीत मला उलटी झाली,
मग कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा.

मागच्या आठवड्यात वास आला.
आमच्या घरात अंडं येत नाही,
तरी नासक्या अंड्याचा वास मी लगेच ओळखला,
कसा, ते कुणी विचारलं नाही.

बिछान्याखालची फळी उचलली.
दोन्ही बॅटऱ्यांची पोटं फुगलेली
आणि टोकांवर काहीतरी उगवलेलं:
पांढरं, भुसभुशीत, कडेकडेनं मोरचुदासारखं निळं.
सुंदर होतं, खरं सांगते.
"हात नका लावू," तांबोळी म्हणाले.

वायू बाहेर जायची नळी त्यांनी फुंकून पाहिली.
बंद.
कुंभारमाशीनं आत घर बांधलं होतं,
आम्ही आमचं चालतं घर उभं ठेवलं तेव्हाच कधीतरी.

ढोकळ्याचा सोडा, बादलीभर पाणी.
ओतलं की फसफसून वर यायचं,
दुधासारखं, पण दुधाची घाई नसलेलं.
"फेस येतोय तोवर आम्ल आहे, ताई."
तीन बादल्या आम्ल होतं.
मग पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवला
आणि तो न ढकलताच आरपार गेला.
भोकातून खाली फरशी दिसली, फरशीवर डाग,
आणि डागाशेजारी कानिटकर सेक्रेटरींच्या चपला.

"चार्जिंग कसं करायचात?"
"रोज रात्री," पद्माकर म्हणाला, जवळजवळ अभिमानानं.
"गॅलरीतून वायर सोडून. सकाळपर्यंत.
एक दिवस चुकवला नाही."
तांबोळींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"भरलेल्यातच भरत राहिलात, साहेब.
तिला थोडं रिकामंही होऊ द्यायचं असतं."

मृण्मयी हॅलिफॅक्सला आहे.
रोज साडेनऊला तिला फोन, जेवलीस का,
तिथे तेव्हा दुपार असते आणि ती मीटिंगमध्ये.
त्या रात्री साडेनऊ वाजून गेले.
फोन टेबलावर पालथा.
मी भाजी निवडत राहिले, निवडून झालेली.
पावणेदहाला त्यानं केलाच.

पुढचे तीन दिवस ग्राइंडर, रेड ऑक्साइड,
वर आम्ल न खाणारा काळा रंग, रबरी चटई,
नव्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी.
आपोआप थांबणारा चार्जर नाना पेठेतून आला.
टोकांना व्हॅसलीन मी लावलं, बोटानं,
हिवाळ्यात ओठांना लावतात तेवढंच.
जुन्या बॅटऱ्या तांबोळींनी गोणपाटात उभ्याच नेल्या.
"शिशाला भाव आहे," म्हणाले,
"कशाला ना कशाला असतोच."

माझ्या कुर्त्यावर तेव्हा काहीच दिसलं नव्हतं.
मशीनमधून निघाला तेव्हा
पोटावर अकरा भोकं, मोहरीएवढी.
तोवर कापडानं धरून ठेवलं होतं,
पाणी लागल्यावर कबूल केलं.

वाळत घातला. भोकांतून कंपाउंडची भिंत दिसली,
भिंतीपुढे चौदा महिन्यांचा कोरडा चौकोन,
आणि चौकोनात कानिटकरांची नात सायकल फिरवत होती.
पद्माकर एकटाच गेला होता, नवले पुलापर्यंत,
अर्ध्या तासात येतो म्हणून.

दीड तास झाला होता.
मी चिमटे लावले,
फोन केला नाही.