रद्दा

समुद्रपूर रस्त्याला, जिनिंगच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये एक यंत्र रात्रभर
धातूवर धातू ठेवत असतं.
मी ते बघते. एवढंच माझं काम.

आज सरकीच्या घाणीचा स्क्रू आहे.
आठ हंगाम ढेप रेटून रेटून
त्याची पाती पऱ्हाटीच्या बुडख्यासारखी झालेली.
तार वितळते, थेंबाला थेंब जुळतो,
एक फेरी, एक थर.
ठरलेली उंची पॉइंट आठ,
तिळाच्या जाडीएवढी.

काळ्या काचेपलीकडे कॅमेरा पापणी लववत नाही.
पडद्यावर हिरवी रेघ,
वर गेली तर लाल, खाली गेली तर लाल,
मधल्या गल्लीतून चालली
तर मी चहा पिऊ शकते.

वळणावर टॉर्च दम खाते, तिथे टेंगूळ येतं.
मी तारेचा वेग एक घर खाली आणते.
टोकाला उतार पडतो,
तिथे तिला पळभर जास्त उभी करते.
आयटीआयच्या पुस्तकात हे नव्हतं,
पुस्तकात टॉर्च सरळच चालायची.

एक ते एकोणचाळीस, पास.
रजिस्टरात, माझ्याच अक्षरात.
चाळिसावा संपता संपता आवाज बदलला.
इतका वेळ भजी तळल्यासारखा होता,
आता ओल्या लाकडासारखा फुसफुसायला लागला.
रेघ मात्र हिरवी.

यंत्र थांबवलं. हाइट गेज लावलं.
बत्तीस भरायला हवे होते.
तीस पॉइंट आठ.
पुन्हा लावलं. तीस पॉइंट आठ.

म्हणजे दर थराला अर्ध्या केसाची खोट,
आणि अर्धा केस गल्लीत आरामात मावतो.
चाळीस वेळा मावला.
प्रत्येक थर पास,
बेरीज नापास.

धाबेकर साहेबांना फोन लावला.
"साहेब, थर खाली बसून रायले."
"स्क्रीन काय म्हणते?"
"हिरवं म्हणते."
"मंग?"

या "मंग"चं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

दारातून लिंबाजी मामा म्हणाले,
आता चौकीदार, पण उमेदभर मातीच्या भिती घातलेले,
"वल्ल्यावर वल्लं ठेवलं काय वं पोरी?
खालचा रद्दा वाळला नाई तं वरचा पसरते.
भित जाड होते, उंच होत नाई.
आमी एक रद्दा घालो
अन् दोन दिवस बिड्या ओढो."

मी दोन दिवसांची दोन मिनिटं केली.
दर फेरीनंतर यंत्र उगाच उभं,
लाल ओसरून राखाडी होईपर्यंत.
आणि मोजणं बदललं.
मागच्या थरावरून पुढचा नाही,
दरवेळी बुडापासून.

अडीचला लाइट गेली.
इन्व्हर्टरने स्क्रीन धरून ठेवली, टॉर्च हवेत लटकली.
तासाभराने आली तेव्हा
तारेचं टोक हळूच खाली येऊन टेकलं,
अंधारात पायाने उंबरठा चाचपावा तसं.
सापडला. चाललं पुढे.

चौसष्टात व्हायचं ते सहासष्टात झालं.
साहेब आले, वाकून पाहिलं,
दोन थरांची तार आणि दर फेरीची दोन मिनिटं
मनात गुणून "बरं" म्हणाले.
नऊला मुनीरभाई लेथवर चढवतील,
एका कातरीत सगळे सहासष्ट चकचकीत.
मिलवाला त्यावर बोट फिरवेल,
त्याला काहीच लागणार नाही.

मामा घरी गेले.
गेल्या महिन्यात इथून तीन स्क्रू गेले,
तिन्ही हिरवे.
कोणी तक्रार केली नाही. हंगाम अजून लागायचाय.

कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आहे.
अक्षर माझंच.
थर एक, पास.
थर दोन, पास.