दारू निवडताना

"चौतीस वर्षं दारूत गेली," असं सोनकांबळे सांगतात
आणि नव्या माणसाचा चेहरा कसा होतो ते बघत थांबतात.
थेंब कधी घेतला नाही.
खडकीच्या कारखान्यात, भोंग्याच्या आधी पोचून,
गेटवर काडेपेटी, अंगठी, खिशातली चिल्लर जमा करून,
सुती सदऱ्यात, खिळे नसलेल्या बुटांत
ते दारू तपासायचे. तोलायचे. नापास करायचे.

मी गेले ते परवान्याची प्रत घेऊन.
बालेवाडीचा सराव, पंचवीस मीटर,
एकेक काडतूस केवढ्याला पडतं त्याचं रडगाणं,
आणि कापडी पिशवीत खुळखुळणाऱ्या
रिकाम्या पितळी पुंगळ्या.
"घरीच भरीन म्हणते, काका. कुठली दारू घेऊ?"

त्यांनी आधी पंखा बंद केला.
मग प्रतीवरचा शिक्का चष्म्याजवळ नेऊन वाचला.
मागची बाजूही वाचली, ती कोरी होती.
मग स्वयंपाकघरात गेले
आणि तीन वाट्या घेऊन आले.
"लाडवांचा राजगिरा आहे तो!" आतून कौसल्याताई.
"परत देतो," हे म्हणाले, कारखान्याच्या आवाजात.

पहिल्या वाटीत शेवयांचे तुकडे.
"ही रायफलची. सावकाश पेटत जाते,
हिला लांब नळी लागते, लांब घरासारखी.
तुझ्या वीतभर नळीत हिचं बोलणं अर्ध्यावर राहील,
उरलेलं बाहेर येऊन बोलेल.
नुसता उजेड, नुसता आवाज,
आणि गोळी कंटाळलेली."

दुसऱ्या वाटीत राजगिरा.
"ही घाईची. चिमूटभर पुरते,
डबा वर्षभर जातो, म्हणून सगळे हिच्या मागे."
एक पुंगळी उभी केली. चिमूट टाकली.
"दिसते?"
तळाशी, अंधारात, काहीतरी.
माझ्याशी बोलता बोलता पुन्हा टाकली,
पुन्हा बोलले, माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं विचारलं,
आणि पुंगळी पुढे केली.
"आता आत किती चिमटी आहेत?"

मला सांगता येईना.
दोन म्हणाले. मग एक म्हणाले.
तिन्ही मावल्या असत्या, जागा होती.

तिसऱ्या वाटीत पातळ पोह्यांचा चुरा.
हलका, फुगीर, बोटाला चिकटणारा.
एका मापात पुंगळी अर्ध्याच्या वर आली.
दुसरं माप ओतलं तर
काठावरून उतू गेलं, कागदावर पसरलं,
आणि सोनकांबळे एवढे खूश झाले
की नातवाने पहिलं पाऊल टाकलं असावं.
"सांडली! बघ, सांडली!
चूक पोटात घालणारी माणसं बरी असतात, पोरी.
दारू तसली नको.
जी सांडून सांगते ती घे."

"मुथय्याचं सांगा ना तिला," कौसल्याताई दारात उभ्या.
ते कागदाची घडी घालत राहिले,
पोह्यांचा चुरा घडीच्या खोबणीत गोळा करत.
"दार वाजलं होतं," शेवटी म्हणाले.
"तो उठला, उघडलं, परत बसला. इतकंच."

आकडा मागितला तर हात जोडले.
"आकडे पुस्तकात. माझ्या तोंडचा घेऊ नकोस,
कुणाच्याच तोंडचा घेऊ नकोस.
पुस्तकातला सगळ्यात खालचा घे,
आणि मोजताना फोन दुसऱ्या खोलीत."

होळकर पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.
पिशवी मांडीवर, खाली मुळेचं काळं पाणी,
मला सारखं ते दार आठवत होतं
जे मी कधी पाहिलेलं नाही.
पोस्टमन असेल. दूधवाला.
साखर मागायला आलेली शेजारीण.

डबा मी अजून घेतलेला नाही.
रात्री दिव्याखाली सगळ्या पुंगळ्या
एकेक करून पालथ्या घातल्या, टिचकी मारून पाहिल्या.
त्र्याऐंशी रिकाम्या निघाल्या.
चौऱ्याऐंशीव्या पुंगळीतून टेबलावर
राजगिऱ्याचे सहा दाणे पडले.

तीही मी रिकामीच धरली होती.