एकाच कुळातली

ससूनच्या ओपीडीत पाठीवर पट्ट्या चिकटवताना
लातूरकडची शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली,
मावशी, दोन दिवस पाठीला पाणी नाही. घामही नको.
मी हसले.
मार्केट यार्डात पहाटे चारला पोतं उचलणारीला
घाम नको.

बुधवारी पट्ट्या निघाल्या.
पेनानं आखलेल्या चौकोनांवरून तिचं बोट फिरलं,
काही नाही, काही नाही, काही नाही,
अकराव्यावर थांबलं.
मला दिसत नव्हतं. पाठ माझी,
वाचणारी दुसरी.

शेवंती, ती म्हणाली. झेंडू पण.
आणि नदीकाठी माजतं ना, ते काँग्रेस गवत.
सगळी एकाच कुळातली, मावशी.

कूळ म्हटल्यावर लग्नाची बोलणी आठवली.
मामांनी देवक विचारलं, पाहुणे-रावळे विचारले,
घरात फुलांचा धंदा, मुलगी हाताला चलाख,
एवढ्यावर सुपारी फुटली.
बावीस वर्षं शेवंती ओवली.
तिचं माझ्याशी जमत नाही
हे कुणाच्या पत्रिकेत नव्हतं.

आधी बोटांच्या बेचक्यात खाज,
मग पाण्याचे फोड, साबुदाण्याएवढे,
मग भेगा. मिरची चिरली की ब्रह्मांड आठवायचं.
जाऊबाई म्हणाली, हळद लाव.
शेजारच्या नलूताईंनी कडुलिंब उकळून दिला,
कुणी डेटॉल, कुणी अंगारा.
सगळं लावलं. तळहाताचा अनारसा झाला.

रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला,
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पाच वेळा. मागची रांग चुळबुळली.
दुकानदार म्हणाला, वहिनी,
तुमचा अंगठा तुमचा नाही.

आता फडताळात व्हॅसलिनचा मोठा डबा आहे.
पाणी कोमट. वासाचा साबण नाही.
अंगठी काढून ठेवली, खाली साबण अडकतो म्हणून;
सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
भांड्यांना रबरी मोजे, आत सुती,
सुती ओले झाले की लगेच बदलायचे.
मलम दहा दिवस, मग थांबायचं,
हे डॉक्टरणीनं तीनदा बजावलंय.
रात्री मलमावर धाकट्याचे शाळेचे पायमोजे चढवते.
मग पांघरूण ओढता येत नाही.
हे ओढून देतात, काही न बोलता.

मंडईमागच्या गाळ्यावर वाटणी झालीय.
निशिगंध, मोगरा, गुलाब माझ्याकडे,
शेवंती-झेंडू यांच्याकडे.
रिक्षा चालवलेले हात;
गाठ मारतात ती टपावर सामान बांधल्यासारखी.

दसऱ्याच्या आदल्या रात्री तीनशे हार द्यायचे होते,
यांचे झाले चाळीस.
मोज्यातून सुई कळत नाही.
मी मोजे काढले.
बोटं काही विसरली नव्हती,
देठ कुठे मऊ, सुई कुठून जाते,
किती ओढलं की पाकळी फाटते.
सहावा हार चालू असताना
धाकट्यानं हातातून सुई घेतली.
रागावला नाही. नुसती घेतली,
आणि शेजारी बसून ओवायला लागला, वाकडं.

तिसऱ्या दिवशी बेचक्यात पुन्हा साबुदाणा.

पौर्णिमेला चतुःशृंगीला गेले.
देवीच्या गळ्यातला हार लांबूनच ओळखला,
टपावरची गाठ.
पुजाऱ्यानं पायावरची पिवळी शेवंती पुढे केली.
मी हात मागे घेतला, पदर पसरला.
त्याला वाटलं, बाई फार मनापासून मागतेय;
आणखी दोन फुलं टाकली.

पदराला गाठ मारून घरी आणली.
फुलं देव्हाऱ्यात यांनी ठेवली.
साडीही यांनीच धुतली,
कडकडीत पाण्यात. रंग गेला थोडा.