सात पाण्यांवर

नव्या मोसमाची पहिली शर्यत
आता सात पाण्यांवर आलीय.
साखर पेठेत असंच मोजतात.
नळ पाचव्या दिवशी येतो,
पस्तीस दिवस म्हटलं की जीव दमतो,
सात पाणी म्हटलं की सात पिंपं,
भरली की संपली.

डिसेंबरपासून सगळ्यांचंच जरा बिनसलंय.
खाजप्पा पंक्चरवाला
गिऱ्हाइकाची मोटारसायकल स्टँडवर चढवतो,
मागचं चाक हातानं भिरकावतो
आणि डोळे मिटून ऐकत बसतो
पार थांबेपर्यंत.
गिऱ्हाईक म्हणतं, हवा भरा की ओ.

राजेशममामा जॉबर.
कुठल्या मागाचा पिकर सैल झालाय
ते शेडच्या दारातनं सांगायचा, नुसत्या आवाजावर.
टीव्हीसमोरही तसाच.
आठव्या फेरीला म्हणणार,
"त्या निळ्या गाडीचा गिअर गेला बघा,"
आणि दहाव्या फेरीला निळी गाडी गवतात उभी.
गेले तीन महिने त्याला सांगायला काही नाही.
शेडमध्ये एकशेवीसचे चाळीस माग उरलेत,
ते तो सांगत नाही.

मी नॅपकिनच्या कडा शिवते.
सरळ रेषेत पाय दाबून,
कोपरा आला की पाय उचलायचा,
कापड वळवायचं, पुन्हा दाबायचा.
चार कोपऱ्यांची एक फेरी.
दिवसाला दोनशे मारते मी,
आणि अजून कुणी झेंडा हलवला नाही.

परवा नव्या लाल गाडीवरचा पडदा ओढला.
खाजप्पाच्या फोनवर पाच डोकी.
पडदा सरकला तसा मामा म्हणाला, "पॉलिस्टर."
डाय हाऊसमधला मुस्तफा म्हणाला,
"लाल पक्का नाही. दोन उन्हाळ्यांत विटणार."
खाजप्पा चिडला, "गाडी बघा की बे!"
मग बघितली.
नाक खाली, पंख मागे,
अजून कुठंही न हरलेली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

भाचीनं, लावण्यानं,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्यांची नावं लिहिलीत,
प्रत्येकापुढं एक शून्य.
मागल्या साली शेवटून दुसरा आलेला
अव्वल आलेल्याच्या खालोखाल,
तेवढ्याच गोल शून्यात.
येता-जाता मी ते बघते.
एका रविवारी, सकाळच्या दुसऱ्या चहाला,
हे सगळं बिघडणार आहे.

काल संध्याकाळी खाजप्पानं कमाल केली.
गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेले पाच लाल दिवे
दुकानाच्या पत्र्याला टांगले,
पाच बटणं, एक फळी.
"सराव," म्हणाला.
गल्ली जमली. मीही, घागर काखेत,
कारण काल पाण्याचा दिवस.
नळापुढं भांड्यांची रांग दुपारपासूनच,
माझं पिंप पहिल्या ओळीत, आतल्या बाजूला.

एक दिवा लागला.
दोन.
मामानं मान तिरपी केली.
तीन. चार.
कुणाचं तरी पोर श्वास धरून लाल झालं.
पाच.

खाजप्पाचं बोट बटणावर, अजून दाबलेलं नाही,
आणि लाईट गेली.
आख्ख्या पेठेची.
पाचही दिवे एका दमात विझले,
मागं खडखडणारे सगळे माग
एकेक करत गप झाले,
इतकं गप की
मामासुद्धा वळून बघायला लागला.

पाण्याला मोटारी लावू नयेत म्हणून
लाईट घालवतात, हे सगळ्यांना ठाऊक.
तरी त्या अंधारात कुणी हललं नाही.
मग नळ खोकला.
एकदा, कोरडा.
पुन्हा एकदा, ओला.

"सुटले!" लावण्या किंचाळली,
आणि आम्ही सुटलो.
घागरी, कळश्या, डबे, मुस्तफाची रंगाची बादली,
वळणावर कुणीतरी घसरलं,
कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला,
मी आतली बाजू सोडली नाही.

पिंप काठोकाठ भरून,
पदरानं तोंड पुसत मी म्हटलं,
सहा.